वास्तुपुरुषाचा भाडेकरार

सिंगापुरात बुओना व्हिस्टाला, एमआरटीच्या म्हणजे मेट्रोच्या स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर, अकराव्या मजल्यावर प्रबोध सबनीसचा स्वतःच्या मालकीचा फ्लॅट होता आणि त्यात कोणीही राहत नव्हतं. प्रबोध राहत होता क्लेमेंटीला, भाड्याच्या दोन खोल्यांत, बायको अनघा आणि बारा वर्षांची मुलगी गार्गी यांच्यासह. याला कोणी वेडेपणा म्हणेल. म्हणू दे. पण वेडेपणा असला तरी तो शास्त्रोक्त होता. नव्या घराची वास्तुशांत व्हायची होती.

दोन हजार बाराच्या जानेवारीत किल्ल्या हातात आल्या तेव्हा पौष चालू होता. पौषात कोणी गृहप्रवेश करत नाही. माघात मुहूर्त होता, पण पुण्याच्या चुलतभावाला, मुकुलला, रजा नव्हती. आणि मुकुलशिवाय भागणार नव्हतं, कारण मुकुलने बाणेरला घर घेतलं तेव्हा दोनशे पानं उठवली होती आणि प्रबोधला ते जेवण अजून पचलं नव्हतं. फाल्गुनात साताऱ्याचे एक चुलत आजोबा वारले. त्यांना प्रबोधने आयुष्यात एकदाच, तेही पाठमोरं, पाहिलं होतं. पण सुतक ते सुतकच. दहा दिवस गेले.

या सगळ्यात कोणाचं नुकसान होत होतं? गार्गीचं. स्पष्टच सांगायचं तर एकट्या गार्गीचं. तिची यंदा सहावीची परीक्षा होती आणि सिंगापुरात या एका परीक्षेवर मूल पुढे कुठल्या शाळेत जाणार ते ठरतं. परीक्षा सप्टेंबरअखेर. ‘जानेवारीत तुला तुझी स्वतःची खोली,’ असा शब्द बाबाने दिला होता. तोवर पोरगी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत होती. डाव्या बाजूला कुकर, उजव्या बाजूला बाबाचे ऑफिसचे कॉल. हे कॉल प्रबोध स्पीकरवर घ्यायचा, कारण आपण कोणाला झापतो हे घरालाही कळलं पाहिजे असं त्याचं मत होतं.

चैत्रात मात्र सगळं जुळून आलं. मुहूर्त होता, मुकुलने ‘बघतो’ म्हटलं होतं. मग घोडं अडलं ते गुरुजींपाशी.

सुबोधगुरुजी शनिवार-रविवार पौरोहित्य करायचे आणि सोमवार ते शुक्रवार तुआसच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. दोन्ही कामं ते सारख्याच निष्ठेने करायचे, आणि तीच अडचण होती. फ्लॅट बघायला आले ते देव कुठे मांडायचा हे न बघता छताकडे बघत उभे राहिले.

“सबनीस साहेब, हा स्मोक डिटेक्टर. होमाच्या वेळी तो बंद कोण करणार?”

“गुरुजी, एवढासा तर होम.”

“एवढीशीच ठिणगी असते. आमच्याकडे कारखान्यात उघडी आग पेटवायची तर हॉट वर्क परमिट लागतं. मॅनेजमेंटचं पत्र आणा. शिवाय अग्निशामक घेऊन एक माणूस शेजारी उभा हवा.”

“यजमानाच्या उजव्या हाताला पत्नी बसते ना?”

“पत्नी बसेल. हा मागे उभा राहील. त्याने सोवळं नेसलं नाही तरी चालेल, बूट मात्र सेफ्टीचे हवेत.”

प्रबोधने कॉन्डोच्या, म्हणजे आपल्या भाषेत सोसायटीच्या, मॅनेजमेंटला पत्र लिहिलं. मॅनेजमेंटने अत्यंत सौजन्याने कळवलं की घरात आग पेटवता येणार नाही, पण स्विमिंग पूलशेजारी बार्बेक्यूची जागा आहे, ती चार तासांसाठी बुक करता येईल.

“जिथे काल कोणीतरी कोंबडी भाजली तिथे मी आहुती देऊ?” अनघा म्हणाली. “आणि वास्तुपुरुष काय लिफ्टने खाली येणार?”

पत्रव्यवहारात वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. मग चातुर्मास लागला. त्यात त्या वर्षी अधिक महिना. गार्गीने पंचांगाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा कुकरशेजारी जाऊन बसली.

याच सुमारास कराची भानगड उपटली. खरं तर ती जानेवारीपासूनच होती. घरपट्टीचं बिल आलं होतं, त्यावर दर दहा टक्के लावला होता. प्रबोधने ते भरलं आणि विसरला. पण क्लेमेंटीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या विलासकाकांनी ते बिल टीपॉयवर पाहिलं. विलासकाका तीस वर्षं जहाजावर होते, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. इंजिनरूमच्या आवाजात बोलायची सवय जमिनीवर आल्यावरही सुटली नव्हती. त्यांच्याकडे सल्ला मागायला जावं लागत नसे. सल्ला स्वतः जिना चढून येई.

“दहा टक्के? अरे गाढवा, घरात मालक स्वतः राहत असेल तर निम्म्याहून कमी लागतो!”

“पण मी राहत नाही ना, काका.”

“मग रिकाम्या घराचा परतावा घे. इथे नियम आहे. घर रिकामं पडलं तर पैसे परत. दुसरीकडे म्हणे रिकाम्या घरावर वेगळा दंड लावतात, आणि हे परत देतात. घे ना! जहाज बंदरात नुसतं उभं असलं तरी भाडं भरावं लागतं, तुझं जहाज तर अजून गोदीतून पाण्यातच उतरलेलं नाही.”

इथल्या मराठी मंडळाच्या सुनेत्राताईंनी याहून सोपा उपाय सांगितला. “राहतो म्हणून लिहून दे. कोण बघायला येतंय?” यावर प्रबोधचा स्वाभिमान खवळला. सबनीस खोटं लिहीत नाहीत. मुकुलला दाखवायला आठ महिने घर बंद ठेवणं यात त्याला खोटेपणा दिसत नव्हता, पण फॉर्मवरचं खोटं त्याला चालत नव्हतं. आपल्या मध्यमवर्गाची नीतिमत्ता ही अशी सोयीस्कर जागी जागी होते.

तर प्रबोधने नियम वाचायला घेतला. दोन रात्री नव्हे, दोन आठवडे. परतावा मिळण्याचे मार्ग त्याला समजले ते असे: एक तर घर भाड्याने द्यायचा मनापासून प्रयत्न केला आणि भाडेकरू मिळाला नाही, नाहीतर घर राहण्याजोगं नाही आणि ते राहण्याजोगं करण्याचं काम चालू आहे. दुसरं वाक्य वाचल्यावर तो खुर्चीतून उठला.

“अनघा! राहण्याजोगं नाही! हेच तर आपण म्हणतोय!”

“नळ चालू आहेत, दिवे चालू आहेत, फरशी माझ्यापेक्षा चकचकीत आहे. काय राहण्याजोगं नाही?”

“धार्मिकदृष्ट्या.”

अनघाने त्याच्याकडे बघितलं आणि भाजी चिरायला घेतली. एकोणीस वर्षांच्या संसारात ती हे शिकली होती, की चालू यंत्रात हात घालायचा नाही.

प्रबोधने कर खात्याला दोन पानी इंग्रजी पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की सदर वास्तूत वास्तुपुरुष नामक एक जण वास करतो, त्याला संतुष्ट केल्याखेरीज मालकास तिथे राहता येत नाही, आणि त्याला संतुष्ट करण्याचं काम सध्या परवानगीअभावी थांबलं आहे. सोबत मॅनेजमेंटचं बार्बेक्यूचं पत्र पुरावा म्हणून जोडलं.

दहा दिवसांत उत्तर आलं. ‘आपल्या पत्रावरून श्री. वास्तुपुरुष हे सध्या जागेत राहत असल्याचे समजते. कृपया त्यांच्यासोबतचा भाडेकरार व त्यांच्या ओळखपत्राची प्रत सादर करावी.’

विलासकाका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. प्रबोधला हसू आलं नाही. त्याचा अपमान झाला होता, वास्तुपुरुषाचा झाला होता, आणि कोणाचा जास्त झाला हे त्याला ठरवता येत नव्हतं. त्याने भेटीची वेळ घेतली आणि ऑगस्टच्या शेवटी अर्धा दिवस रजा काढून, मागितलेली सगळी बिलं घेऊन तो कर खात्यात दाखल झाला. विजेची आणि पाण्याची बिलं बँकेतून आपोआप भरली जात, त्यामुळे पाकिटं त्याने फोडलीही नव्हती. बंद पाकिटांचा गठ्ठा त्याने टेबलावर आपटला. रिकाम्या घराचा याहून मोठा पुरावा कोणता?

समोर मिसेस लिम नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी पाकिटं एकेक करून कात्रीने फोडली, कागद तारखेप्रमाणे लावले आणि इंग्रजीत विचारलं, “सर, घर रिकामं आहे?”

“पूर्ण रिकामं.”

“कोणीच जात नाही?”

“मॅडम, एप्रिलपासून तिथे कोणी पाऊल ठेवलेलं नाही.”

“मेपर्यंत ओके,” मिसेस लिम म्हणाल्या. “पण जूनपासून वीज आहे. जुलैत जास्त आहे. पाणीपण आहे.” त्यांनी चष्मा काढला. “सर, कोणीतरी आंघोळ करतंय, लाह.”

शेवटचा तो सिंगापुरी ‘लाह’, म्हणजे आपलं ‘बरं का’, प्रबोधच्या कानापर्यंत पोचलाच नाही. ज्या घरात त्याने स्वतः अजून हात धुतले नव्हते, त्या घरात कोणीतरी आंघोळ करत होतं. वास्तुशांतीच्या आधी!

मिसेस लिमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “परतावा कोणासाठी आहे सांगते. ज्याला भाडेकरू पाहिजे आणि मिळत नाही, त्याच्यासाठी. ज्याचं घर मोडकं आहे आणि दुरुस्ती चाललीय, त्याच्यासाठी. तुम्हाला भाडेकरू नको. घर मोडकं नाही. तुम्हाला फक्त तारीख पाहिजे. तारखेसाठी परतावा नाही.”

“पण मॅडम, आमच्यात असा नियम आहे, की...”

“माहीत आहे. आत्ता आमचा सातवा महिना चालू आहे, भुतांचा. माझी आई या महिन्यात कोणाला घर बदलू देत नाही. आणि नव्या घरात आम्हीपण आधी अननस गडगडत सोडतो, मग माणसं जातात. एव्हरीबडी गॉट समथिंग.” त्या थांबल्या. “पण सर, अननसाला पाच मिनिटं लागतात. आठ महिने लागत नाहीत.”

हे वाक्य खाली लिफ्टमध्ये, एमआरटीत आणि क्लेमेंटीच्या जिन्यावर प्रबोधच्या कानात वाजत राहिलं. पण आधी चोर पकडायचा होता.

विलासकाकांनी जिन्यातच तपास पूर्ण केला. “एजंट! हे लोक चावीची नक्कल करतात आणि तासावर घर भाड्याने देतात. किंवा कोणीतरी कामगार घुसलेत दहा-बारा. एकटा जाऊ नकोस. मी येतो.” ते आले ते लांब छत्री, शिट्टी आणि पायात जहाजावरचे जुने बूट अशा तयारीने.

दुपारचे साडेतीन वाजले होते. अकराव्या मजल्यावर दाराला कान लावला तर आतून पंख्याची घरघर आणि कोणाचं तरी पुटपुटणं. विलासकाकांनी कुजबुजून “कमीत कमी चार जण आहेत” म्हटलं. त्यांची कुजबूज नवव्या मजल्यापर्यंत गेली असावी. प्रबोधने किल्ली फिरवली आणि दोघं आत घुसले.

बाल्कनीत ओला टॉवेल. बाथरूममध्ये शाळेचा गणवेश धुऊन टांगलेला. आतल्या खोलीत भिंतीभर चिकटवलेले कागद, त्यांवर रंगीत पेनांनी लिहिलेली गणितं. आणि खोलीच्या मधोमध, उलट्या ठेवलेल्या खोक्यासमोर मांडी घालून, ओल्या केसांची गार्गी.

तिने मान वर केली नाही. नुसता हात वर केला.

“श्श! बाबा, टायमर चालू आहे. ट्वेल्व्ह मिनिट्स मोर. आणि काका, शूज बाहेर, लाह.”

चीफ इंजिनियर विलास, ज्यांच्या आवाजाला तीन जहाजं घाबरायची, मुकाट्याने बूट काढायला बाहेर गेले. प्रबोध दारात उभा राहिला. त्याने बारा मिनिटं आपल्या मुलीला अभ्यास करताना पाहिलं. स्वतःच्या घरात तो सलग इतका वेळ पहिल्यांदाच उभा होता. खिडकीतून वारा येत होता. खाली पूल निळा दिसत होता. घर छान होतं. हे त्याने आजवर पाहिलंच नव्हतं, कारण तो कायम त्या घरात मांडायची पानं मोजत होता.

टायमर वाजला.

“गार्गी, हे काय आहे?”

“माय रूम.” ती उत्तरं तपासत होती. “यू सेड जानेवारी, बाबा. मग जानेवारी फिनिश, मार्च फिनिश, जून हॉलिडे पण आला. मग मीच आले. देवाच्या ड्रॉवरमध्ये स्पेअर की होती. शाळेतून येते, आंघोळ करते, पेपर सोडवते, सहाला घरी. तिकडे तू कॉलवर ओरडतोस, बाबा. मला फ्रॅक्शन्स करताना तुझे क्लायंट ऐकू येतात.”

प्रबोध तसाच क्लेमेंटीला आला. अनघा पोळ्या करत होती.

“तुला माहीत होतं?”

“मग डबा कोण देत होतं तिला? वास्तुपुरुष?”

“अगं पण शास्त्र...”

“प्रबोध, शास्त्रात मोठ्यांनी काय करायचं ते लिहिलंय. बारा वर्षांच्या पोरीने अपूर्णांक कुठे बसून सोडवायचे ते लिहिलेलं नाही. मी शोधलं. आणि तुला सांगितलं असतं तर तू तिच्या अभ्यासालाही मुहूर्त काढला असतास.” तिने पोळी उलटली. “मलाही वाटतं, घराची शांत व्हावी. पण तुला शांत नकोय. तुला मुकुल पाहिजे, समोर बसून जेवताना.”

नेमका त्याच संध्याकाळी मुकुलचा मेसेज आला. ‘नोव्हेंबरात रजा मिळाली! चातुर्मासही संपतोय. करून टाकू जोरात. शंभर पानं तरी उठवू!’

प्रबोधने मेसेज दोनदा वाचला. आठ महिने ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं. नोव्हेंबर. शंभर पानं. फोटो. आणि परीक्षा सप्टेंबरात. नोव्हेंबरपर्यंत गार्गी चोरासारखी ये-जा करणार, सहाला परतणार, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कुकरशेजारी झोपणार. मुकुलला ‘हो’ म्हणायला फक्त एक अक्षर लागणार होतं.

त्याने मुकुलला बाजूला ठेवलं आणि गुरुजींना फोन लावला. ते शिफ्ट संपवून बसमध्ये होते.

“गुरुजी, सगळ्यात लहान काय करता येईल? आग नको, धूर नको, परमिट नको, पाहुणे नकोत.”

“उदकशांत करा की! पाण्याची असते. कलशात पाणी अभिमंत्रित करायचं, मंत्र म्हणायचे, घरभर शिंपडायचं. अधिक महिना सोळा सप्टेंबरला संपतो. सतराला सोमवार आहे, मी अर्धी रजा टाकतो. उदकशांतीने राहायला जा, वास्तुशांत पुढे सवडीने करा. शास्त्राची त्याला हरकत नाही.”

प्रबोधचा आवाज चढला. “मग हे एप्रिलमध्ये का नाही सांगितलंत?”

“सबनीस साहेब, एप्रिलमध्ये तुम्ही विचारलंत की सगळ्यात मोठं काय असतं. मी ते सांगितलं. सगळ्यात लहान काय असतं हे मला बारा वर्षांत विचारणारे तुम्ही पहिले.”

मग प्रबोधने मुकुलला फोन केला. “मुकुल, नोव्हेंबरात ये. चार दिवस राहा, मनसोक्त जेव. पण आम्ही सतरा तारखेला राहायला जातोय. पानं? चार. गुरुजी धरून.” पलीकडे मुकुल म्हणाला, “अरे वा, मस्त! मलाही तेव्हा तसंच करायचं होतं रे, बाबांनी ऐकलं नाही. त्या दोनशे पानांचं कर्ज फेडायला मला तीन वर्षं लागली.” प्रबोधने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं तो ज्याच्याशी स्पर्धा करत होता तो माणूस मुळात पळतच नव्हता.

सतराला सकाळी सात वाजता गुरुजी आले, पायात सेफ्टी शूज आणि पिशवीत सोवळं. आत शिरताच सवयीने छताकडे बघितलं, मग लाजून हसले. कलश मांडला. मंत्र सुरू झाले. गार्गी शाळेत होती, तिला मॉक टेस्ट होती, आणि तिच्यावाचून काही अडलं नाही, कारण तिचा गृहप्रवेश जूनमध्येच उरकला होता. गुरुजींनी आंब्याच्या डहाळीने पाणी शिंपडलं. गार्गीच्या खोलीत मात्र भिंतीवरच्या गणितांची शाई फिसकटू नये म्हणून फक्त उंबऱ्यावर. विलासकाका ओल्या फरशीवरून घसरून बसले आणि म्हणाले, “झाली, माझीही शांत झाली.” बुधवारी गणपती आला, दीड दिवसाचा. आरती झाली ती खर्जात, दार लोटून.

कर खात्यात प्रबोध पुन्हा गेला. मालक स्वतः राहतो, असा अर्ज दिला. परताव्याचा अर्ज नामंजूर झाला होता. रिकाम्या महिन्यांचे दहा टक्के गेले ते गेलेच. मिसेस लिमनी तारीख लिहून घेतली आणि विचारलं, “ओके आता? सगळे शिफ्ट झालात?” प्रबोध म्हणाला, “हो. कालपासून दूधही तिकडेच येतं.” त्याला भांडायचं होतं, पण कशावरून ते त्याला आठवेना. आपल्या मूर्खपणावर फक्त दहाच टक्के कर लागला, हा हिशेब त्याला स्वस्तात सुटल्यासारखा वाटला.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी विलासकाका क्लेमेंटीहून गार्गीला शुभेच्छा द्यायला आले, लिटिल इंडियातून आणलेला पेढ्यांचा डबा घेऊन. टेबल अजून आलं नव्हतं. हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून तिघं दहीभात खात बसले आणि शक्य तितक्या हळू बोलू लागले. दोन मिनिटांत आतलं दार फटीएवढं उघडलं.

“बाबा, काकांचं व्हिस्परिंग पण व्हेरी लाउड आहे.”

दार बंद झालं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अनघाने भाताचं पातेलं उचललं, काकांनी लोणच्याची बरणी घेतली, प्रबोधने ताटल्या, आणि तिघं पाऊल न वाजवता बाहेर लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत जाऊन बसले. विलासकाकांनी जेमतेम घास घेतला तोच लिफ्ट उघडली आणि शेजारच्या चिनी आजी हातात भाजीच्या पिशव्या घेऊन बाहेर आल्या. जमिनीवर पंगत मांडून बसलेल्या या तिघांकडे त्या बघतच राहिल्या.

“आयो! किल्ली विसरलात? लॉक्ड आउट?”

प्रबोधने तोंडावर बोट ठेवलं. मग एखाद्या जहागीरदाराच्या थाटात दाराकडे हात केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

“नाही, नाही, आंटी. आत माझी मुलगी राहते.”